डेव्हलपरच्या नोकरीसाठी सार्वजनिक पोर्टफोलिओ लागतोच का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज भागात राहून सॉफ्टवेअरची नोकरी शोधणाऱ्यांसाठी आणि इथं माणसं नेमणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी हे पान आहे. बहुतेक प्रश्न एकाच काळजीतून येतात: गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) चारचौघांना दिसेल असं काम नसेल, तर आपल्याला कोणी विचारणारच नाही का?

नोकरीसाठी सार्वजनिक पोर्टफोलिओ लागतोच का?

नाही. आणि तो सक्तीचा असूही नये, असं आमचं ठाम मत आहे.

नेमणूक करणाऱ्याला पुरावा हवा असतो. या माणसाला दुसऱ्याचा कोड वाचता येतो का, बिघडलेलं दुरुस्त करता येतं का, आपण काय केलं ते नीट सांगता येतं का, एवढं त्याला बघायचं असतं. सार्वजनिक पोर्टफोलिओ हा पुरावा देण्याचा एक मार्ग आहे. नुकतंच शिक्षण संपलेल्यांना, दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्यांना आणि नोकरीत काही वर्षं खंड पडलेल्यांना तो फार कामाचा ठरतो, कारण त्यांच्याकडे दाखवायला दुसरं फारसं नसतं. पण सहा वर्षं एखाद्या बँकेची प्रणाली सांभाळणाऱ्याचा सगळा कोड बँकेच्या कुलपात असतो. त्याचं गिटहब खातं रिकामं दिसलं, तर त्यावरून त्याच्याबद्दल काहीच कळत नाही.

सक्ती केली की मोजलं जातं ते कामानंतर उरणाऱ्या वेळेला. गारगोटीहून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्याकडे तो वेळ नसतो. संध्याकाळी घरी पोचून स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांची औषधं बघणारीकडे तर नसतोच. ही माणसं कामात कमी असतात असं नाही. त्यांचं काम कोणी पाहायच्या आधीच ती चाळणीतून खाली पडतात.

जाहिरातीत ‘गिटहब लिंक आवश्यक’ लिहिलेलं असतं. तिथं काय करायचं?

आधी ती अट खरोखर कोणाची आहे ते ओळखा. पुष्कळदा भरतीच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो आणि तो कोणीतरी ‘सक्तीचा’ करून ठेवलेला असतो. मुलाखत घेणारा तो उघडतोच असं नाही.

रिकाम्या खात्याची लिंक मात्र देऊ नका. लिंक न देण्यापेक्षा ते वाईट दिसतं. अर्ध्या तासात होणारा मधला मार्ग असा: गिटहबवर तुमच्या वापरकर्ता-नावाचीच एक सार्वजनिक रेपो (कोडचं फोल्डर) उघडा आणि तिच्यात रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी, फाइल घाला. ती फाइल तुमच्या प्रोफाइलच्या वरच्या भागात दिसते. ही सोय २०२० पासून आहे. त्यात दहा-बारा ओळी लिहा: कशावर काम करता, किती वर्षं, कुठल्या भाषा आणि साधनं रोज हाताखालून जातात, काम खासगी असल्यानं इथं का दिसत नाही आणि ते तपासायचं असेल तर तुम्ही कशाला तयार आहात.

ईमेलनं विचारणा झाली तर असं उत्तर पुरतं:

‘नमस्कार. माझं गेल्या पाच वर्षांचं काम कंपनीच्या खासगी रेपोमध्ये आहे, ते मला दाखवता येत नाही. त्याऐवजी तुमच्या सोयीच्या वेळी ६० ते ९० मिनिटं तुमच्यासमोर कोड वाचायला, दुरुस्त करायला किंवा लिहायला मी तयार आहे. केलेल्या कामाचा एक पानी तपशील सोबत जोडला आहे.’

यात माफी मागण्यासारखं काही नाही, म्हणून मागूही नका.

मी फ्रेशर आहे. किती प्रोजेक्ट टाकू?

एक पुरेसा आहे. दोन असतील तर उत्तम. गिटहबच्या प्रोफाइलवर सहा गोष्टी पिन करता येतात, म्हणून सहा भरायलाच हव्यात असं नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची अडचण अशी की तो चौघांनी मिळून केलेला असतो, त्यातल्या एकानं बराचसा लिहिलेला असतो आणि विषय दरवर्षी तेच: हॉस्पिटल व्यवस्थापन, हजेरी, ग्रंथालय. तो टाकायचा असेल तर तुमचा वाटा स्पष्ट लिहा. ‘लॉगिन आणि अहवालाचा भाग माझा, बाकी सहकाऱ्यांचा’ असं लिहिणाऱ्यावर मुलाखत घेणाऱ्याचा विश्वास बसतो. व्हिडिओ बघून केलेले टू-डू यादी, हवामान ॲप, कॅल्क्युलेटर हे शिकण्यासाठी चांगले, पण खासगीच ठेवा. २०१९ पासून मोफत खात्यावरही हव्या तितक्या खासगी रेपो ठेवता येतात.

मग विषय कुठला घेऊ?

जिथं तुम्हाला नियम आणि अपवाद दोन्ही माहीत आहेत, तिथला घ्या. कोल्हापुरात असे विषय पावलोपावली आहेत: गावच्या दूध संस्थेचं संकलन, फौंड्रीतलं रिजेक्शनचं (नापास मालाचं) रजिस्टर, मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, इचलकरंजीच्या मागावरचा कापडाचा हिशेब. हैदराबादच्या मुलाखतकाराला यातलं काही माहीत नसतं, आणि तेच तुमच्या पथ्यावर पडतं: तुम्हाला ते समजावून सांगावं लागतं.

पंचगंगेच्या पाणीपातळीचं उदाहरण जवळून पाहू. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पातळी ओलांडली की संदेश पाठवणारा प्रोग्रॅम वरवर पाहता तासाभराचं काम वाटतो. पण आकडे फूट-इंचात येतात. ३८ फूट ९ इंच हे तुम्ही ३८.९ असं साठवलं आणि पुढच्या नोंदीचं ३८ फूट १० इंच ३८.१० असं साठवलं, की प्रोग्रॅमच्या लेखी ते ३८.१ झालं. पाणी एक इंचानं चढलेलं असताना तुमचा आलेख ते उतरल्याचं दाखवणार. म्हणून सगळं इंचात साठवायचं: इशारा ४६८, धोका ५१६. मग ३८ फूट ११ इंच म्हणजे ४६७, इशाऱ्याला एक इंच कमी. तुलना आता सरळ होते.

पुढची अडचण संदेशांची. पातळी ३९ च्या आसपास घुटमळते: ४६७, ४६८, ४६७, ४६८. दर वेळी संदेश गेला तर लोक तिसऱ्या संदेशाला नंबर ब्लॉक करतात. उपाय असा, की चढताना ४६८ ला एकदाच कळवायचं आणि ‘पातळी उतरली’ हा संदेश ४६२ च्या खाली गेल्यावरच पाठवायचा. नोंद आलीच नाही तर जुनाच आकडा ताजा म्हणून दाखवायचा नाही. शेजारी नोंदीची वेळ छापायची. आणि पानावर ठळक लिहायचं, की हा शिकण्यासाठी केलेला प्रयोग आहे, प्रशासनाच्या सूचनेलाच प्रमाण माना. पुराच्या बाबतीत ही ओळ गाळू नका.

एवढा प्रोजेक्ट दोनशे-तीनशे ओळींत बसतो, आणि मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं.

दूध संकलनातही असाच एक खाचखळगा आहे. ७.३ लिटर दूध आणि फॅट-एसएनएफप्रमाणे (स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ) निघालेला दर ३६.४५ रुपये, तर रक्कम २६६.०८५ होते. हा अर्धा पैसा वर धरायचा की खाली? सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांच्या बिलात वीस पाळ्या येतात. दर पाळीला पूर्णांक केलं (रक्कम पूर्ण पैशांत आणली) आणि शेवटी एकदाच केलं, तर दोन्ही बिलांत दहा पैशांपर्यंत फरक पडू शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण सभासदाच्या हातातल्या चिठ्ठ्यांची बेरीज आणि बिलाचा आकडा जुळला नाही की सचिवाला उत्तर द्यावं लागतं. पैसे दशांश अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत साठवले, पूर्णांक कुठं करायचा तो नियम एकाच ठिकाणी लिहिला आणि त्याची चाचणी जोडली, तर ‘याला हिशेबाचं गांभीर्य आहे’ हे वाचणाऱ्याला कोडमध्येच दिसतं.

रीडमीमध्ये काय असावं?

पाहणारा पहिल्या भेटीत तुमचा कोड वाचत नाही, रीडमी वाचतो. त्याच्याकडे तुमच्यासाठी दोन-तीन मिनिटं असतात. पहिल्या दोन ओळींत प्रोग्रॅम कोणासाठी आहे आणि काय करतो ते सांगा. त्याखाली एक स्क्रीनशॉट. मग चालवण्याच्या आज्ञा क्रमानं, आणि त्या दुसऱ्याच्या मशीनवर स्वतः चालवून बघितलेल्या असाव्यात. ‘माझ्याकडे चालतं’ हे बहुतेक वेळा पर्यावरण-चलांची (प्रोग्रॅम बाहेरून घेतो त्या पासवर्ड, पत्ते अशा किमतींची) यादी द्यायची राहिल्यामुळे घडतं. या किमती ठेवणारी डॉट ईएनव्ही फाइल कधीच टाकायची नाही, पण रिकाम्या किमतींची नमुना फाइल जरूर टाकायची.

यानंतरचा भाग लोक गाळतात, आणि आम्हाला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो: काय जमलं नाही, कुठला मार्ग सोडून दिला आणि का. ‘आधी दर मिनिटाला पान तपासत होतो, नोंदी तासाला येतात हे कळल्यावर तासाला केलं’ अशी एक ओळ रीडमीवरच्या दहा बॅजेसपेक्षा (शोभेच्या पट्ट्यांपेक्षा) जास्त सांगून जाते.

इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, वाक्यं छोटी ठेवा. विषय स्थानिक असेल तर खाली मराठीतही लिहा. ते वापरणारा मराठीच आहे.

गिटहबवरच्या रोजच्या कामाच्या तक्त्यात हिरवे चौकोन कमी आहेत. रोज काहीतरी कमिट करू (कोडमधला बदल नोंदवू) का?

नको. त्या तक्त्याला पुरावा मानणं हीच चूक आहे. गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं, गिटहबच्या मागचं साधन) कमिटची तारीख हवी ती घालता येते, त्यामुळे वर्षभराचे चौकोन एका दुपारी रंगवता येतात. उलट खरं काम केलेलं असूनही चौकोन पांढरे राहू शकतात. कमिटमधला ईमेल खात्याला जोडलेला नसेल, काम मुख्य शाखेत (कोडच्या मूळ प्रतीत) न येता बाजूच्या शाखेत पडून असेल किंवा ते फोर्कमध्येच (दुसऱ्याच्या रेपोच्या आपल्या प्रतीत) केलेलं असेल, तर ते मोजलं जात नाही. तुमचे चौकोन गायब असतील तर आधी ईमेल तपासा, बहुतेक गोंधळ तिथंच असतो असं म्हटलं तरी चालेल.

खासगी रेपोतल्या कामाचे चौकोनही तपशील न उघडता दाखवता येतात. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे. कंपनीचं खातं वेगळं असेल तर अर्थात उपयोग नाही.

लाइव्ह लिंक हवीच का?

असली तर चांगली, मेलेली असली तर घातक. मोफत सर्व्हरवर ठेवलेलं ॲप वापर नसला की झोपतं. रेंडर या सेवेच्या मोफत योजनेत १५ मिनिटं कोणी आलं नाही की सेवा थांबते आणि पुढच्या माणसाला ती उठेपर्यंत मिनिटभर ताटकळावं लागतं. पाहणारा तेवढा थांबत नाही, ‘बंद आहे’ म्हणून पुढं जातो. अशाच हेरोकू सेवेनं तर नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत योजनाच बंद केली, आणि कित्येक रेझ्युमेंवरच्या लिंका एका रात्रीत मेल्या.

नुसती एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टवर चालणारी साइट असेल तर गिटहब पेजेसवर ठेवा, ती झोपत नाही. मागं सर्व्हर लागत असेल तर रीडमीत ‘पहिल्यांदा उघडायला एक मिनिट लागतं’ असं लिहा आणि शेजारी दीड-दोन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्ड ठेवा. अर्ज पाठवायच्या दिवशी लिंक मोबाइलवर, स्वतःच्या लॉगिनशिवाय, उघडून बघा.

स्वतःचं डोमेन घेणं ऐच्छिक आहे. घेतलंत तर नूतनीकरण विसरू नका. सुटलेलं डोमेन दुसरं कोणी उचललं की तुमच्या रेझ्युमेवरच्या लिंकवर भलतंच काहीतरी उघडतं.

चुकून पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची किल्ली) गिटहबवर गेली. फाइल डिलीट केली, आता ठीक ना?

नाही. गिटला इतिहास असतो, जुन्या कमिटमध्ये की तशीच असते. सार्वजनिक रेपोंवर अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात. क्लाउडची की असेल तर काही मिनिटांत कोणीतरी तुमच्या खात्यावर मोठमोठी मशीन चालू करू शकतो आणि बिल तुमच्या कार्डावर येतं.

क्रम लक्षात ठेवा. सर्वात आधी, त्या सेवेच्या डॅशबोर्डवर जाऊन की रद्द करा आणि नवी काढा. मग वापराचा आणि बिलाचा तपशील बघा. त्यानंतर इतिहास साफ करायचा तर गिट फिल्टर-रेपो हे साधन वापरा आणि जबरदस्तीनं पुश करा (गिटहबवर चढवा). कोणी आधीच फोर्क किंवा क्लोन केलं (आपल्या मशीनवर उतरवलं) असेल तर त्यांच्याकडची प्रत तशीच राहते, म्हणूनच रद्द करणं पहिलं. शेवटी डॉट ईएनव्ही गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत) घाला. लोक उलट्या क्रमानं जातात, इतिहास साफ करण्यात संध्याकाळ घालवतात आणि की चालूच असते.

ऑफिसात लिहिलेला कोड थोडा बदलून टाकला तर?

टाकू नका. भारतात संगणक प्रोग्रॅम हे कॉपीराइट कायदा १९५७ खाली साहित्यकृतीत मोडतात, आणि कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. नावं बदलली, टिपणं काढली तरी त्यात फरक पडत नाही. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा कॉपी करून घेणं येतं. ग्राहकांचा डेटा त्यात गेला तर प्रकरण नोकरी जाण्यावर थांबत नाही.

मालकाची लेखी परवानगी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. मागून बघायला हरकत नाही, छोट्या कंपन्या एखाद्या सामान्य उपयोगाच्या भागासाठी देतातही.

नोकरीत असताना स्वतःच्या वेळेत केलेल्या कामाबद्दल नेमणूकपत्र वाचा. काही करारांत ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व’ असं लिहिलेलं असतं. निदान कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं खातं आणि कंपनीची वेळ यापासून ते काम दूर ठेवा.

माझ्याकडे सात वर्षांचा अनुभव आहे पण दाखवायला एक ओळही नाही. काय दाखवू?

वर आलेला एक पानी तपशील. दोन किंवा तीन कामं निवडा आणि प्रत्येकाबद्दल सात-आठ ओळी लिहा: अडचण काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, कुठले दोन मार्ग समोर होते, कुठला घेतला आणि का, नंतर काय बिघडलं, शेवटी काय बदललं. आकडा असेल तर द्या, पण तुम्ही स्वतः मोजलेला. ‘महिनाअखेरचा अहवाल चाळीस मिनिटं घ्यायचा, इंडेक्स आणि दोन क्वेरी बदलल्यावर तीन मिनिटांवर आला’ हे बोलतं. ‘कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा’ हे काहीच बोलत नाही.

ग्राहकाचं नाव, टेबलांची नावं, आतल्या सर्व्हरचे पत्ते, स्क्रीनशॉट यातलं काही येऊ देऊ नका. ‘एक सहकारी बँक’ किंवा ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना’ एवढं पुरतं. तुम्ही आधीच्यांचं गुपित कसं राखता यावरून नवा मालक आपल्या गुपिताचा अंदाज बांधतो.

तो एक पानी तपशील मोठ्यानं वाचून सराव करा. लिहिलेलं येतं पण सांगता येत नाही, अशी गत अनुभवी लोकांची जास्त होते.

भरतीच्या चाचणीसाठी घरी करायला दिलेलं काम किती मोठं असलं तर नाही म्हणावं?

तीन-चार तासांपर्यंतचं रास्त आहे. ‘तीन दिवसांत पूर्ण ॲप बनवून पाठवा’ आलं तर नम्रपणे विचारा: यातला कुठला भाग तुम्हाला पाहायचा आहे, तेवढा मी चार तासांत नीट करून देतो. चांगली कंपनी लगेच मान्य करते. तुमचं काम त्यांच्या खऱ्या ग्राहकासाठी वापरलं जाणार असं दिसलं, तर त्याचा मोबदला ठरवल्याशिवाय हात लावू नका.

मुलीचं इंजिनिअरिंग झालं. क्लासवाले पैसे घेऊन पोर्टफोलिओ तयार करून देतो म्हणतात. द्यावेत का?

देऊ नका. एकाच बॅचच्या वीस जणांच्या खात्यावर तोच प्रोजेक्ट, तेच रंग, रीडमीतली तीच चूक दिसते. पाहणाऱ्यानं त्यातलं एक वाक्य गिटहबवर शोधलं की सगळी रांग समोर येते. शिकवण्याचे पैसे जरूर द्या. तयार वस्तूचे नकोत. मुलीला स्वतः काही करायला दोन-अडीच महिने रोज दोन तासांचा निवांतपणा घरात मिळाला, तर त्याचा उपयोग त्या फीपेक्षा जास्त होईल.

एआयकडून लिहून घेतलेला कोड चालतो का?

आता सगळेच ती साधनं वापरतात. रीडमीत ‘अमुक भाग एआयच्या मदतीनं लिहिला’ असं नोंदवा. कसोटी मुलाखतीत लागते: ‘ही ओळ काढली तर काय होईल?’, ‘दूध संकलनाच्या पाळ्या सकाळ-संध्याकाळऐवजी तीन झाल्या तर कुठं बदलशील?’ आपल्या प्रोजेक्टमधली कुठलीही फाइल उघडून ती दुसऱ्याला समजावता येत नसेल, तर ती फाइल एक तर समजून घ्या किंवा काढून टाका.

लॅपटॉप नाही. मोबाइलवर काय करता येईल?

मोबाइलवर खरं काम होत नाही, त्यात स्वतःला थकवू नका. कॉलेजच्या लॅबमधला किंवा अभ्यासिकेतला संगणक मिळत असेल तर गिटहब कोडस्पेसेस वापरा: कोड आणि साधनं ब्राउझरमध्येच चालतात, त्या संगणकावर काही बसवावं लागत नाही. मोफत वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. काम संपलं की मशीन हातानं बंद करा, नाहीतर ती रिकामी चालून तुमचे तास खाते. आणि दुसऱ्याच्या संगणकावरून उठताना लॉगआउट करा.

खातं सार्वजनिक केल्यावर अनोळखी लोकांचे मेसेज येतात. कसं टाळायचं?

ही तक्रार मुलींकडून जास्त येते आणि ती गंभीर आहे. रेझ्युमेची पीडीएफ रेपोमध्ये टाकू नका. तिच्यात फोन नंबर आणि राजारामपुरीतल्या गल्लीपर्यंतचा पत्ता असतो. प्रत्येक कमिटमध्येही तुमचा ईमेल छापलेला असतो आणि तो कोणालाही वाचता येतो. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्ता खासगी ठेवायचा पर्याय निवडा, तिथं मिळणारा नोरिप्लाय (खरा ईमेल लपवणारा) पत्ता आपल्या मशीनवरच्या गिटमध्ये घाला. तो पुढच्या कमिटना लागू होतो, जुन्या कमिटमधला ईमेल तसाच राहतो. म्हणून हे पहिल्याच दिवशी करा. प्रोफाइलवर खरं पूर्ण नाव आणि फोटो असण्याची गरज नाही; अर्जात लिंक दिली की ते खातं तुमचं आहे हे कळतंच.

‘तुमचा पोर्टफोलिओ आवडला, हा प्रोजेक्ट चालवून बघा’ असा मेसेज आला. खरा असेल का?

सावध राहा. खोटे भरती करणारे डेव्हलपरांना असा कोड पाठवतात आणि तो चालवला की ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेट उचलतात. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे लागणारी पॅकेजेस बसवायची आज्ञा, दिली की पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्टही आपोआप चालू शकते. तुम्ही प्रोग्रॅम सुरू करायच्या आधीच काम झालेलं असतं. अनोळखी कोड आपल्या मशीनवर चालवू नका. बघायचाच असेल तर गिटहबच्या पानावर वाचा, किंवा कसलाही पासवर्ड नसलेल्या वेगळ्या आभासी मशीनमध्ये चालवा. व्हीएस कोड या एडिटरनं फोल्डरवर विश्वास ठेवता का असं विचारलं तर नाही म्हणा. घाई करणारा, व्हिडिओ कॉल टाळणारा आणि कंपनीच्या अधिकृत पत्त्याऐवजी टेलिग्रामवरून बोलणारा असेल तर संवाद तिथंच थांबवा.

आमची शिरोलीला छोटी कंपनी आहे, एक डेव्हलपर हवा आहे. पोर्टफोलिओ न मागता पारख कशी करायची?

तुमच्या कामासारखाच साठ-सत्तर ओळींचा एक प्रोग्रॅम तयार ठेवा, उदाहरणार्थ हीट नंबरप्रमाणे (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेली खेप) रिजेक्शनची टक्केवारी काढणारा. त्यात तीन चुका मुद्दाम पेरा: एक सहज दिसणारी, एक शून्यानं भागणारी, म्हणजे त्या हीटमध्ये एकही कास्टिंग (ओतीव भाग) नसताना फुटणारी, आणि एक मुळातच विचाराची, जशी पुन्हा वितळवलेला माल दोनदा मोजणारी. उमेदवाराला पंचेचाळीस मिनिटं द्या, गुगल वापरू द्या. पहिली दहा मिनिटं त्याला नुसतं वाचून ‘हा काय करतो’ ते सांगायला लावा. चुका किती सापडल्या याहून तो प्रश्न काय विचारतो याकडे लक्ष द्या. ‘रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत वितळवता का?’ असं विचारणारा माणूस मिळाला तर सोडू नका.

सगळ्यांना तोच प्रोग्रॅम, तेवढाच वेळ. वाचन, दुरुस्ती, चाचणी आणि समजावणं या चार गोष्टींना पाचपैकी गुण द्या, आणि दोघे मुलाखत घेत असाल तर एकमेकांशी बोलण्याआधी कागदावर लिहा. नाहीतर मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं मत दोघांचं होतं.

ज्यानं स्वतःहून पोर्टफोलिओ दिला आहे त्याचा जरूर बघा. मात्र न देणाऱ्याचे गुण कापू नका.

कोड सार्वजनिक न करता एकाच कंपनीला दाखवता येईल का?

येईल, पण एक खाच आहे. वैयक्तिक खात्यावरच्या खासगी रेपोत कोणाला सहयोगी म्हणून जोडलं, की त्याला वाचण्याबरोबर लिहिण्याचाही हक्क मिळतो. फक्त वाचण्यापुरता देण्याची सोय तिथं नाही. म्हणून एक मोफत संघटना-खातं उघडा, रेपोची प्रत तिथं ठेवा आणि पाहणाऱ्याला फक्त वाचनाची भूमिका द्या. मुलाखतीचा निकाल लागला की त्याचं नाव काढा. एवढी खटपट नको असेल तर मुलाखतीत स्क्रीन शेअर करून दाखवा, पण आधी व्हॉट्सॲप वेब आणि बँकेचे टॅब बंद करून घ्या.